पोलिसांच्या नावाने देणगी, मग केसची धमकी

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरात राहते, निवृत्त शिक्षिका आहे. मंगळवारी दुपारी फोन आला, "आयुक्तालयातून बोलतोय. पोलीस स्मृतिदिन जवळ आलाय, शहिदांच्या मुलांसाठी निधी जमवतोय." माझा धाकटा भाऊ राज्य राखीव दलात होता. मी लगेच यूपीआयने ५,१०० रुपये पाठवले. दुसऱ्या दिवशी तोच माणूस म्हणाला, "आणखी २१,००० भरा, नाहीतर मुलाच्या गाडीवर केस होईल." मी फोन ठेवून दिला. देणगी नाकारली म्हणून खरंच केस होते का? मुलाला अजून काही सांगितलेलं नाही.

उत्तर : ताई, नाही होत. देणगी नाकारणं कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही. गुन्हा केलाय तो त्या माणसाने, आणि एक नाही, तीन-चार.

तुम्ही पाठवलेली पावती मी मोठी करून पाहिली. वर राजमुद्रा, खाली "पुलिस कल्याण निधी". आपल्याकडे ठाण्याच्या पाटीपासून गाडीच्या दारापर्यंत सगळीकडे "पोलीस" लिहितात. पावतीला क्रमांक नाही, संस्थेचा नोंदणी क्रमांक नाही. आणि पैसे गेले ते एका माणसाच्या नावावरच्या खात्यात. बाकी सगळं सोडा, एवढी एकच गोष्ट पुरे होती. गल्लीतल्या गणेश मंडळालासुद्धा वर्गणीसाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. पोलीस स्मृतिदिनी, म्हणजे २१ ऑक्टोबरला, १९५९ साली लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज इथे धारातीर्थी पडलेल्या दहा जवानांच्या स्मरणार्थ, मानवंदना देतात. त्यासाठी दुपारी घरोघर फोन करून कोणी पैसे मागत नाही. निमलष्करी दलांच्या शहीद कुटुंबांना मदत करायची असेल, तर गृह मंत्रालयाचं 'भारत के वीर' हे संकेतस्थळ आहे.

भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८(४), सरकारी नोकर असल्याची बतावणी करण्याला २०४ आणि धमकी देऊन पैसे मागण्याला, म्हणजे खंडणीला, ३०८ आहे. सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड. कलमं तुम्ही पाठ करायची गरज नाही, पण अर्जात "धमकी दिली" हे शब्द आले पाहिजेत. नुसतं "फसवलं" लिहिलंत तर खंडणीचा भाग मागे पडतो.

आता हे वाचून झालं की लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. चार दिवस उलटले म्हणून थांबू नका. पैसे पुढच्या खात्यात पडून असतील तर ते तिथे गोठवता येतात. ते परत मिळवायला कधी कधी न्यायालयात अर्ज करावा लागतो. पिन तुम्ही स्वतः टाकलात, त्यामुळे बँक भरपाई देईलच असा शब्द मी देणार नाही, तरी बँकेला लेखी कळवाच. चॅट, पावती, कॉलची नोंद यातलं काही पुसू नका. नंबर ब्लॉक करायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या.

एक विनंती. मुलाला आज रात्रीच सांगा. तुम्ही भावाच्या आठवणीने हात पुढे केलात, यात लाजण्यासारखं काही नाही. लाज वाटून बाई गप्प बसेल, यावरच त्या माणसाचं सगळं गणित उभं आहे. पुढचा फोन कदाचित मुलालाच येईल, तेव्हा त्याला आधीपासून माहीत असू दे.

उद्या त्याला सोबत घेऊन आयुक्तालयातल्या सायबर पोलीस ठाण्यात जा. तिथे जमलं नाही तर जवळच्या कुठल्याही ठाण्यात गेलात तरी चालेल. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.