फंक्शनबाहेरचे व्हेरिएबल आत वाढवताना पायथॉन एरर का देते?

नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या कांद्याचा दर ठेवणारे 'भाव' हे व्हेरिएबल फंक्शनबाहेर आहे, ते आत नुसते छापता येते, पण 'भाव += 100' (भावात 100 मिळवा) लिहिताच 'अनबाउंडलोकलएरर', म्हणजे आतल्या नावाला अजून किंमत नसल्याचा एरर, येतो, असा आपला प्रश्न आहे. फंक्शनमध्ये कोठेही एखाद्या नावाला किंमत दिली, की पायथॉन कंपाइल करतानाच ते नाव संपूर्ण फंक्शनपुरते लोकल, म्हणजे फक्त आतले, ठरवते. त्यामुळे बेरजेसाठी बाहेरची किंमत पाहिलीच जात नाही, आणि त्या ओळीच्या आधी लिहिलेला प्रिंटसुद्धा अडतो. फंक्शनच्या सुरुवातीला 'ग्लोबल भाव' असे लिहिल्यास बाहेरचेच व्हेरिएबल वापरले जाते आणि अडचण सुटते. व्हेरिएबल बाहेरच्या फंक्शनमधले असेल आणि ते त्याच्या आतल्या फंक्शनमध्ये बदलायचे असेल, तर 'नॉनलोकल' आहे. तरीही दर पॅरामीटर म्हणून आत द्यावा आणि वाढलेला दर रिटर्न करावा, हेच मला अधिक बरे वाटते.