वाचकांचे प्रश्न : वजन अडकलंय, वजन परत आलंय

वजनाबद्दलचे प्रश्न पाठवा म्हटलं आणि पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही. पण बहुतेक पत्रांत फिरून फिरून एकच वाक्य येतंय, माझ्यातच जिद्द कमी आहे, आणि ते वाचून मला खरंच वाईट वाटलं, म्हणून त्याच्याशी संबंधित पत्रं आधी घेतेय. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, सुरुवातीच्या चार महिन्यांत माझं वजन ८३ वरून ७४ वर आलं. सगळे विचारायचे काय केलंस काय केलंस. पण गेले दोन महिने काटा तिथेच अडकलाय. खाणं तेच, व्यायाम तोच, चीट डे पण घेत नाही. मला ६५ पर्यंत जायचंय. माझ्या मेटाबॉलिझममध्येच काही गडबड आहे का? आता तर सकाळी काट्यावर उभं राहायची भीती वाटते.

गडबड असायची शक्यता कमी आहे हो. जे चाललंय ते जवळपास प्रत्येकाचं होतं, फक्त कोणी आधी सांगत नाही.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे भराभर उतरतं त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केलं की साठा वापरला जातो, पाणी निघून जातं, काटा खाली येतो आणि आपल्याला वाटतं आता हाच वेग राहणार. तो राहत नाही, कारण नंतर चरबी जळायची असते आणि चरबी हळूच जळते.

शिवाय ७४ किलोच्या शरीराला ८३ किलोच्या शरीराइतकी ऊर्जा लागतच नाही. जिने चढताना, उठता-बसताना नऊ किलो कमी उचलताय ना तुम्ही. म्हणजे चार महिन्यांपूर्वी ज्या खाण्यावर वजन उतरत होतं तेच खाणं आज वजन जागेवर ठेवायला पुरतंय. त्यात शरीर काटकसरही करतं. लेप्टिन नावाचं हार्मोन १९९४ मध्ये सापडलं, ते चरबीच्या पेशींतून येतं आणि मेंदूला कळवतं की साठा किती आहे. चरबी कमी झाली की लेप्टिन घटतं, मेंदू सावध होतो, भूक वाढवतो. उलट बाजूने घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन वाढतं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन उतरवलेल्या लोकांची ही हार्मोन्स वर्षभराने परत तपासली तर ती तोवरही पहिल्या जागी आलेली नव्हती. तेव्हा तुम्हाला आता जी जास्त भूक लागतेय ना, ती खरी भूक आहे, मनाचे खेळ नाहीत.

आता काय करायचं. आधी एक आठवडा फक्त मोजा, कमी काही करू नका. हे सांगितलं की लोकांना राग येतो, मला खोटं पाडताय का म्हणून, पण तसं नाहीये. १९९२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, डाएट करूनही वजन उतरत नाही म्हणणाऱ्यांवर, त्यात ती माणसं आपलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती आणि हालचाल ५१ टक्के जास्त, आणि मेटाबॉलिझम मात्र त्यांचं ठीकच निघालं. ती काही खोटारडी माणसं नव्हती, सगळ्यांचंच असं होतं. निसटतं कुठे तर फोडणीच्या तेलात, चव बघताना तोंडात गेलेल्या दोन चमच्यांत, मुलांच्या ताटातलं टाकवत नाही म्हणून संपवलेल्यात. तेलाचं उदाहरण घ्या. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरीज, आणि बाटलीतून थेट कढईत ओतताना एक पडलं की अडीच हे डोळ्याला कळत नाही. सकाळी दिवसभराचं तेल मोजून एका वाटीत काढून ठेवा, सगळा स्वयंपाक त्यातूनच करा आणि रात्री वाटीत काय उरलं बघा. आठवड्यात कळेल तुमचं काय ते.

दुसरं, रोजच्या आकड्यावर जाऊ नका. मिठाचं जास्त खाल्लं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, आदल्या दिवशी जोरात व्यायाम केला, यातल्या कशानेही किलो-दोन किलो इकडचं तिकडे होतं आणि त्यात चरबीचा काही संबंध नसतो. सात दिवसांची सरासरी काढा आणि ती मागच्या सात दिवसांशी ताडून बघा. काट्याची भीतीच बसली असेल तर सरळ महिनाभर तो कपाटात ठेवा आणि बेंबीच्या रेषेत टेपने कंबर मोजा. तिसरं म्हणजे वजन उचलायचे व्यायाम, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि प्रत्येक जेवणात प्रोटीन. उपाशी राहून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात आणि ते गेले की पुढचं सगळंच अवघड होतं. झोपही बघा. २०१० मधल्या एका छोट्या अभ्यासात कॅलरीज सारख्याच ठेवल्या होत्या, साडेआठ तासांऐवजी साडेपाच तास झोपायला दिलं तेव्हा वजन तेवढंच उतरलं पण त्यात चरबी निम्म्याहूनही कमी गेली, बाकी स्नायू वगैरे.

खाणं अजून कापू नका, हे मात्र कळकळीने सांगते. थकवा, थंडी वाजणं, केस गळणं, पाळी अनियमित असं काही असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या, आणि एखादं औषध सुरू असेल तर त्याने वजन वाढतं का हे डॉक्टरांना विचारा, स्टेरॉइड्स आणि काही मानसिक आजारांवरच्या गोळ्यांनी वाढतं.

आणि अजून एक. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवरची. त्यांना ध्येय दिलं होतं ७ टक्के वजन घटवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करायची. एवढ्यावर त्या गटात मधुमेह व्हायचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ८३ किलोचे ७ टक्के म्हणजे जेमतेम सहा किलो. तुम्ही नऊ उतरवलेत. ६५ ला पोचाल तेव्हा पोचाल, पण दोन महिने ७४ वर टिकून राहिलात याला तुम्ही अपयश म्हणताय आणि मला ते अजिबात पटत नाहीये.

प्रश्न : मी तीन वर्षांपूर्वी १८ किलो वजन कमी केलं होतं, सगळ्यांना सांगत फिरायचो. आता त्यातले १४ परत आलेत. ओळखीचे लोक भेटले की आधी पोटाकडे बघतात. परत सुरू करायची इच्छाच होत नाही, परत तेच होणार असेल तर कशाला?

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अमेरिकेत वजन घटवायच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनी अभ्यास झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, पण संशोधकांना धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा, की सहा वर्षांनंतरही त्यांचं शरीर बसल्या जागी जेवढ्या कॅलरीज जाळायला हवं होतं त्यापेक्षा दिवसाला साधारण ५०० ने कमी जाळत होतं. त्यांनी फार वेगात, फार वजन उतरवलं होतं, प्रत्येकाचं इतकं होत नाही. पण शरीर जुन्या वजनाकडे ओढतं हे खरंय आणि ती ओढ तुमच्या जिद्दीशी मोजू नका.

आता तुम्ही विचाराल मग टिकतं कुणाचं. टिकतं. अमेरिकेतच १९९४ पासून एक नोंदवही चालू झाली, किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची, हजारो लोकांनी त्यात नोंद केली. वजन उतरवलं प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने, पण टिकवताना बऱ्याच जणांच्या सवयी सारख्या होत्या. रोज साधारण तासभर हालचाल, नियमित वजन बघणं, आणि सुट्टी असो की कामाचा दिवस, खाणं साधारण एकसारखं. उतरवणं आणि टिकवणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत आणि दुसरं काम आपल्याला कोणी शिकवतच नाही, ध्येय गाठलं की डाएट संपलं असंच आपण धरतो.

म्हणून या वेळी १८ चा आकडा डोक्यात घेऊ नका. पाच-सहा किलो उतरवा आणि मग मुद्दाम तीन-चार महिने तिथेच थांबा, नुसतं टिकवायचा सराव म्हणून. परत दोन किलो वाढले की लगेच हालचाल करायची, दहा वाढायची वाट बघायची नाही. आणि गेल्या वेळी जे डाएट केलं होतं ते जन्मभर करू शकाल का हे आधी स्वतःला विचारा, उत्तर नाही असेल तर ते परत सुरूच करू नका. कुठलं डाएट हा प्रश्न लोक समजतात तेवढा मोठा नाहीये. २०१८ च्या एका चाचणीत ६०९ जणांना वर्षभर लो-फॅट आणि लो-कार्ब अशा दोन गटांत ठेवलं होतं, दोन्हीकडे पाच-सहा किलोच्या आसपासच उतरलं, फरक सांगण्यासारखा नव्हता. जे झेपतं ते खरं.

प्रश्न : रोज तासभर चालते तरी वजन ढिम्म हलत नाही. चालणं सोडून जिम लावू का?

चालणं सोडू नका प्लीज. नुसत्या चालण्याने वजन कमीच उतरतं, कारण तासाभरात जेवढं जळतं तेवढं एका छोट्या प्लेटमध्ये परत येतं, आणि चालून आल्यावर भूकही लागते. पण साखर, बीपी, झोप, मूड या सगळ्याला त्याचा फायदा आहे आणि उतरलेलं वजन टिकवायला तर फारच. वजन उतरवायचं काम मुख्यतः ताटातून होतं. जिम लावायचीच असेल तर चालण्याच्या जोडीला लावा.

प्रश्न : आठवड्याला घ्यायच्या इंजेक्शनबद्दल सगळीकडे ऐकतोय. घेतलं तर फसवणूक केल्यासारखं वाटेल का?

कसली फसवणूक? बीपीची गोळी घेणाऱ्याला आपण असं म्हणतो का? तुम्ही म्हणताय त्यातलंच एक औषध म्हणजे सेमाग्लुटाइड, त्याच्या २०२१ मधल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, आणि घेणारे लोक सांगतात की डोक्यात सतत चालणारा खाण्याचा विचार शांत झाला. मात्र औषध थांबवलेल्यांचं वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आलं, म्हणजे हे लांबचं औषध आहे हे धरूनच चाला. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, पित्ताचे खडे होऊ शकतात, गरोदरपणात चालत नाही, आणि घरात एका विशिष्ट प्रकारच्या थायरॉइड कॅन्सरचा इतिहास असेल तरीही नाही. तपासणी करून लिहून देणारे डॉक्टर हवेत, ओळखीतून मिळवलेलं इंजेक्शन नको.

प्रश्न : ताई मी १९ वर्षांची आहे. दिवसभर मी जवळपास काहीच खात नाही आणि छान वाटतं, पण रात्री सगळे झोपले की किचनमध्ये जाते आणि थांबताच येत नाही, पोट दुखेपर्यंत खाते. मग रडते आणि दुसऱ्या दिवशी अजून कडक उपास. घरात कोणालाच माहीत नाही.

तू हे लिहिलंस हे फार चांगलं केलंस. मला तुझ्यावर अजिबात राग आलेला नाहीये, काळजी वाटतेय.

एक जुनी गोष्ट सांगते. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता, त्यांच्या संमतीने. ते लोक दिवसरात्र खाण्याबद्दलच बोलायला लागले, काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, चिडचिडे झाले, उदास झाले. आणि जेवण परत सुरू झाल्यावर कित्येक जण प्रचंड खायचे तरी पोट भरल्यासारखं वाटायचं नाही त्यांना. मनाने खंबीर मुलं होती ती, निवडूनच घेतलेली. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं. तुझं रात्रीचं खाणं दिवसाच्या उपासातून येतंय, त्यामुळे उपास अजून कडक केलास की रात्र अजून वाईट जाणार.

तेव्हा उद्या सकाळी नाश्ता कर. आदल्या रात्री काहीही झालेलं असलं तरी कर. मग दर तीन-चार तासांनी काहीतरी खा, भूक नसली तरी. वजन बघणं सध्या पूर्ण बंद. आणि डॉक्टरांना भेटच, कारण असं वारंवार होत असेल तर हा आजार असू शकतो, त्याला नाव आहे, उपचार आहेत आणि लोक त्यातून बरे होतात. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक लागतात त्यासाठी. खाल्ल्यावर उलटी काढत असशील, चक्कर येत असेल, पाळी थांबली असेल किंवा जगणं नको वाटत असेल तर वाट न बघता आजच जा. आईला, बहिणीला, मावशीला, ज्या कोणावर विश्वास आहे तिला सांग. तोंडाने बोलता येत नसेल तर मला लिहिलेलं हेच पत्र तिच्या हातात दे.

प्रश्न : बायको गेले काही महिने वजनासाठी खूप मेहनत घेतेय. मी बारीक दिसतेस म्हटलं की चिडते, काही नाही बोललो तरी चिडते. काय करू?

विचारलंत हेच मला आवडलं. बारीक दिसतेस म्हटलं की ऐकणाऱ्याला त्यात आधी कशी दिसायचीस तेही ऐकू येतं, आणि पुढच्या महिन्यात वजन वाढलं तर हा काय म्हणेल ही धास्ती पण लागते. त्यापेक्षा ती जे करतेय त्याबद्दल बोला, आज पावसातही जाऊन आलीस, जिना चढताना दम नाही लागला तुला, असं. तिच्या ताटावर लक्ष ठेवू नका, हे चालतं का तुला हा प्रश्न तर चुकूनही नको. तिच्या व्यायामाच्या वेळेत मुलांचं, स्वयंपाकाचं, फोनचं सगळं तुमच्याकडे घ्या आणि ती परत आल्यावर तिच्यासाठी काम उरलेलं नसेल असं बघा. घरात तिच्यासाठी वेगळं आणि बाकीच्यांसाठी वेगळं शिजवायला लावू नका, सगळे तेच खा. आणि वजनाबद्दल मी बोललेलं तुला चालेल की नाही हे एकदा तिलाच सरळ विचारा, ती नको म्हणाली तर तो विषय तिने काढेपर्यंत काढू नका.