म्हशीला इंजेक्शन, गिधाडाला मरण

प्रश्न (खानापूर): म्हैस दुखण्यानं तळमळते आणि गिधाडं वाचवायची म्हणून औषधावर बंदी. हा कुठला न्याय?

उत्तर: राग रास्त आहे, पण बंदी काही औषधांवर आहे, उपचारावर नाही. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलेलं जनावर थोड्याच दिवसांत मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९ टक्क्यांहून जास्त घटली, ती मुख्यतः यामुळे. २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलीपुरती केली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही गिधाडांना तशीच घातक वेदनाशामकंही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम या दुसऱ्या वेदनाशामकानं म्हशीला उतार पडतो आणि गिधाडालाही धोका नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडे तेच मागा. महाग पडत असेल तर वरचे पैसे सरकारनं भरावेत. गिधाड सगळ्यांचं आणि भुर्दंड एकट्या गवळ्याला, हे मला पटत नाही.

प्रश्न (निपाणी): हरियाणात पिंजोरला गिधाडं पिंजऱ्यात वाढवतात. हे पाप नव्हे?

उत्तर: मादी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं जातात. पक्षी इतके कमी उरल्यावर पिंजरा मला मान्य आहे. मात्र घातक औषध अजून विकलं जातं अशा मुलखात ती सोडणं म्हणजे मरायला धाडणं. आधी औषधांची दुकानं तपासा, मग दार उघडा.

प्रश्न (बेळगाव, कॉलेज विद्यार्थिनी): अमेरिकेत नामशेष झालेला डायर वुल्फ, म्हणजे पुरातन काळातला लांडगा, परत आणला म्हणे. मग रानं कशाला राखायची?

उत्तर: कुठला परत? २०२५ मध्ये दाखवलेली पिल्लं करड्या लांडग्याचीच, जनुकांत २० बदल केलेली. बाकी जाहिरात.

प्रश्न (जांबोटी): भीमगडच्या गुहेतली दुर्मीळ वटवाघळं प्रयोगशाळेत वाढवावीत का?

उत्तर: नको. रॉटनचं वटवाघूळ बराच काळ फक्त आपल्या भीमगडमधल्या बारापेडे गुहांतूनच माहीत होतं; पुढे मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. त्याला हवी ती गुहा, तीही माणसांची ये-जा नसलेली. आवाज टिपणारं यंत्र गुहेच्या तोंडाशी ठेवलं की आत न शिरताही त्यांचा माग काढता येतो. हे काम अभयारण्यातल्या वाड्यांवरच्या पोरांना शिकवावं. रान त्यांना ठाऊक आहे. वनखात्यानं त्यांना महिन्याचा पगार द्यावा, नुसता चहा-नाश्ता नव्हे.