लेक बेंचवर असली तरी मॅचला जा

ओहायोतल्या एका ताईंचं पत्र आलंय. त्यातला थोडा भाग इथे देते.

'आमची मुलगी सहा वर्षांची असल्यापासून सॉकर खेळते. तिच्या क्लबच्या मॅचेसपायी आमचे किती शनिवार-रविवार गाडीत गेले असतील, त्याला गणती नाही. आता ती डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातल्या) एका लहान कॉलेजच्या टीममध्ये आहे, पहिलं वर्ष. सहा मॅचेस झाल्या, त्यात तिच्या वाट्याला सगळी मिळून वीसेक मिनिटं आली. आम्ही दोन तास गाडी चालवत जायचं आणि तिला बेंचवर बसलेली बघून परत यायचं. हे म्हणतात, मी आता येणार नाही, माझ्याच्याने बघवत नाही. त्यांना कोचशी बोलायचंय. मुलगी म्हणते, तुम्ही बोललात तर मी तुमच्याशी बोलणं बंद करीन. त्यात दिवाळीला घरी यायला जमणार नाही म्हणते. स्कॉलरशिपही नाही, मग हा अट्टहास कशासाठी?'

ताई, 'माझ्याच्याने बघवत नाही' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 2021 च्या सप्टेंबरमध्ये आमच्या घरातही हेच वाक्य बोललं गेलं होतं. माझी लेक तेव्हा पहिल्या वर्षाला होती. डिव्हिजन थ्रीच, कॉलेजही तुमच्या लेकीच्या कॉलेजसारखंच लहान. म्हणून जे सांगते ते अनुभवाचं आहे.

एक संध्याकाळ मला अजून स्वच्छ आठवते. ॲल्युमिनियमच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं बसलो होतो, अंधार पडत होता, मैदानावरचे दिवे लागले होते. लेक बेंचच्या टोकाला, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून. इथल्या कॉलेजच्या मॅचमध्ये घड्याळ उलटं चालतं, पंचेचाळीस मिनिटांवरून शून्याकडे, त्यामुळे उरलेला वेळ सतत डोळ्यांसमोर असतो. नऊ मिनिटं राहिली असताना कोचनं तिच्याकडे बघून हात केला. तिनं जॅकेट काढलं, मोजे शिन गार्डवर ओढून घेतले, परत एकदा ओढले. मैदानात पाऊल टाकायच्या आधी तिनं आमच्याकडे पाहिलं. अर्धा सेकंद असेल. आम्ही आहोत ना, एवढंच तिला बघायचं होतं. त्या नऊ मिनिटांत तिच्या पायाला चेंडू चार वेळा लागला, त्यातला एक पास चुकला. रात्री फोनवर ती त्या चुकलेल्या पासबद्दल अर्धा तास बोलली. त्या दिवशी आम्ही घरी राहिलो असतो, तर तो फोन आला नसता.

म्हणून तुमच्या यजमानांना सांगा, मॅचला जा. तिला बेंचवर बघणं जड जातं हे खरंच आहे. पण ती तिथे बसलेली असताना आईबाबांची जागा रिकामी दिसणं तिला त्याहून जड जातं.

आता बेंचबद्दल. आपल्या डोक्यात वर्ल्ड कपचं फुटबॉल असतं: अकरा जण खेळणार, बदली खेळाडू मोजकेच. कॉलेजचे नियम निराळे आहेत. पहिल्या हाफमध्ये बाहेर आलेली मुलगी त्या हाफमध्ये परत जाऊ शकत नाही, पण दुसऱ्या हाफमध्ये बाहेर आलेली एकदा परत येऊ शकते. त्यामुळे कोच एका मॅचमध्ये सोळा-अठरा मुली सहज फिरवतात, आणि त्यांना फिरवाव्याच लागतात. सीझन जेमतेम दहा-अकरा आठवड्यांचा असतो आणि बहुतेक आठवड्यांत दोन मॅचेस असतात. ऑगस्टच्या मध्यावर कॅम्प, सप्टेंबर उजाडता उजाडता पहिली मॅच, ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॉन्फरन्सची, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांची, टूर्नामेंट. आपल्या हिशेबानं गणपती ते दिवाळी. ऑक्टोबर लागेपर्यंत कुणाचा घोटा मुरगळलेला असतो, कुणाची मांडी धरलेली असते. सप्टेंबरमध्ये वीस मिनिटं मिळालेली मुलगी ऑक्टोबरमध्ये सुरुवातीच्या अकरा जणींत दिसते, हे मी चारही वर्षं पाहिलं. तुमच्या लेकीचं तसंच होईल असं वचन मी देऊ शकत नाही. पण सहा मॅचेसवरून निकाल लावू नका.

कोचला फोन करायचा नाही. या बाबतीत मी ठाम आहे. हायस्कूलपर्यंत आईबाप बोलले तर खपून जातं. कॉलेजमध्ये मुलगी कायद्यानं सज्ञान असते, आणि बरेच कोच पालकांच्या पहिल्याच बैठकीत सांगून टाकतात की कोणाला किती मिनिटं मिळतात यावर मी पालकांशी बोलणार नाही. तुम्ही फोन केलात तर कोच दोन वाक्यं सौजन्यानं बोलेल आणि ओशाळं व्हायला होईल ते मुलीला. बोलायचं असेल तर तिनं स्वतः बोलावं. तेही 'मला का खेळवत नाही' असं विचारून उपयोग नाही. 'मिनिटं वाढण्यासाठी मी नेमकं कशावर काम करू?' असं विचारावं. माझ्या लेकीला या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं: डावा पाय. मग हिवाळाभर ती जिमच्या भिंतीवर डाव्या पायानं चेंडू मारत होती.

याला अपवाद आहे आणि तो नीट लक्षात ठेवा. डोक्याला मार लागूनही खेळवलं जात असेल, कोच मुलींना अपमानास्पद बोलत असेल, वजनावरून टोचत असेल, अंगचटीला येत असेल, तर गप्प बसायचं नाही. कोचला टाळून थेट ॲथलेटिक डायरेक्टरकडे, म्हणजे कॉलेजच्या खेळ विभागाच्या प्रमुखाकडे जायचं, फोनवर आणि लेखीही. इथल्या व्यावसायिक महिला सॉकर लीगमधल्या छळाबद्दलचा वकील सॅली येट्स यांचा चौकशी अहवाल ऑक्टोबर 2022 मध्ये आला. अशा वागण्याची मुळं लहान वयातल्या खेळापर्यंत पोचतात, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मुलगी काही सांगायला लागली तर आधी तिचं पुरतं ऐकून घ्या.

स्कॉलरशिपचं म्हणाल तर डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, हा नियम आहे. मिळते ती अभ्यासावर किंवा घरच्या परिस्थितीवर. म्हणजे तुमची मुलगी केवळ आवडीपोटी पहाटे उठून पळते. आपण आयुष्यभर मुलांना म्हणत आलो की मनापासून काहीतरी करा, आणि ती ते करते आहे. अभ्यास मागे पडेल ही भीती माझ्या मनातही होती. पण झालं उलट. सीझनमध्ये लेकीला दुपारी चार ते सात हात रिकामे नसायचे, म्हणून ती निबंध सकाळीच लिहून टाकायची. वेळ वाया जायचा तो हिवाळ्यात, सीझन संपल्यावर.

मुळात मुलींना ही टीम मिळाली तीच 1972 च्या टायटल नाइन कायद्यामुळे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलींना डावलायचं नाही, असं तो कायदा सांगतो. एनसीएए, म्हणजे इथले कॉलेजचे खेळ चालवणारी संघटना, तिची महिला सॉकरची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली 1982 साली आणि ती नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं जिंकली. त्या टीमचे कोच ॲन्सन डोरन्स यांनी 2024 च्या ऑगस्टमध्ये, सीझन तोंडावर आलेला असताना, निवृत्ती जाहीर केली. मुलींना ऐन वेळी नवीन कोच. तरी डिसेंबरमध्ये कॅरी गावातल्या फायनलमध्ये त्यांनी वेक फॉरेस्ट विद्यापीठाला 1-0 हरवलं. 2012 नंतरचं त्यांचं ते पहिलं विजेतेपद. माझ्या लेकीचाही तोच शेवटचा सीझन होता. ती फायनल आम्ही दोघींनी सोफ्यावर बसून पाहिली, तिच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून.

गुडघ्यावरून आठवलं. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध, फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि परत खेळायला नऊ महिने ते वर्ष लागतं. फिफानं तयार केलेला 'इलेव्हन प्लस' हा वॉर्मअप नेमानं केला तर दुखापती कमी होतात. टीम तो किंवा तसा काही वॉर्मअप करते का, हे लेकीला विचारून ठेवा. विम्याची कागदपत्रंही आजच काढून वाचा. बऱ्याच कॉलेजांमध्ये आधी आपला कौटुंबिक विमा लागतो आणि उरलेल्या खर्चाला कॉलेजचा. एमआरआयची वेळ आल्यावर हे कळलं तर फार मनस्ताप होतो.

खाण्याचं तर आपल्या घरांत जास्तच सांभाळावं लागतं. शाकाहारी मुलगी, पाळी आणि रोजची धावपळ, यात लोह कमी पडतं. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) खाली गेलेलं असू शकतं, म्हणून डॉक्टरांना सांगून दोन्ही तपासून घ्या. पाळी तीन-चार महिने आली नाही तर 'सीझनमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. बहुधा खाणं कमी आणि श्रम जास्त होत असतात, आणि त्याचा फटका हाडांना बसतो. नवरात्र ऐन सीझनमध्ये येतं. आजी फोनवर विचारते, 'उपास धरलास ना गं?' तिथे तुम्हीच मध्ये पडा. मॅचच्या दिवशी भगरीवर कुणी नव्वद मिनिटं धावू शकत नाही. माझ्या सासूबाईंनीच तोडगा काढला होता. 'तुझा उपास मी धरते, तू धाव,' म्हणाल्या.

आमच्या कॉलेजमध्ये घरच्या मॅचनंतर पालक आळीपाळीनं टीमला खायला घालायचे. तुमच्याकडे तशी पद्धत असेल तर नाव नोंदवा, लेकीला मिनिटं मिळोत न मिळोत. मी पहिल्यांदा साबुदाण्याची खिचडी नेणार होते. निघायच्या आदल्या रात्री लेकीनं सांगितलं की टीममध्ये एकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मग पावभाजी नेली, मोठ्या पातेल्यात, ते पातेलं ब्लँकेटमध्ये गुंडाळून. दोन मुलींनी पावानं कडा पुसून घेतल्या. मग चारही वर्षं ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी पावभाजी ठरलेली असायची. त्या पातेल्याभोवतीच इतर आयांशी ओळख झाली आणि कळलं की निम्म्या घरांत हेच दुःख आहे. कारण एका वेळी खेळणार अकराच.

एक अवघड गोष्टही सांगायलाच हवी. एनसीएएच्या 2019 च्या फायनलमध्ये स्टॅनफर्डची गोलकीपर केटी मायर हिनं पेनल्टी शूटआउटमध्ये दोन पेनल्टी अडवल्या आणि टीमला विजेतेपद मिळालं. मार्च 2022 मध्ये तिनं स्वतःचं आयुष्य संपवलं. इतकी गुणी, इतकी हसरी मुलगी. वरून काही कळत नाही, ताई. म्हणून फोनवर आधी स्कोअर विचारू नका. झोप लागते का, कोणाबरोबर जेवलीस, हे विचारा. ती वरचेवर 'मी ठीक आहे' एवढ्यावरच फोन ठेवत असेल तर गाडी काढून भेटून या. मनात वाईट विचार येत असतील तर इथे 988 ला फोन किंवा मेसेज करता येतो. हा नंबर तिच्याकडेही असू द्या.

तुमच्या पत्राच्या शेवटी मैत्रिणीच्या मुलीचा उल्लेख आहे, डिव्हिजन वनमध्ये खेळते आणि जाहिरातीतून पैसे मिळवते ती. जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर असे पैसे घ्यायची मुभा आहे. पण तुमची मुलगी एच-4 व्हिसावर (आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) असेल किंवा पुढे एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जाणार असेल, तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय कुठेही सही करू नये, फुकट बुटांच्या मोबदल्यात पोस्ट टाकायची असली तरी. व्हिसाचे नियम एनसीएएला बदलता येत नाहीत.

पुण्याचे नातेवाईक 'मुलीच्या जातीला फुटबॉल कशाला' म्हणतात, असंही तुम्ही लिहिलंय. त्यांना आठवण करून द्या की 2022 च्या सुरुवातीला महिलांच्या आशिया कपच्या मॅचेस त्यांच्याच बालेवाडीत झाल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल नवी मुंबईत झाली.

राहिली दिवाळी. 2024 मध्ये लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं आणि दुसऱ्याच दिवशी आमची कॉन्फरन्सची मॅच. लेक येणार नाही म्हटल्यावर मी दोन दिवस घुम्यासारखी वावरले. मग फराळ डब्यांत भरला, मोती साबण घेतला आणि आम्हीच गेलो. हॉटेलच्या खोलीत पहाटे साडेपाचला तिला तेल लावलं. पोटऱ्या दगडासारख्या कडक झाल्या होत्या, उजव्या नडगीवर क्लीटचा, म्हणजे खेळाच्या बुटाचा, निळा वळ होता. तेल चोळता चोळता ती बसल्या जागी झोपली. दहा वाजता मॅच होती. ती मॅच हरलो आणि सीझन तिथेच संपला. बसपाशी उभ्या राहून बावीस-तेवीस मुली रडत होत्या आणि रडता रडता चकल्या खात होत्या.

तेव्हा आधी तिचं वेळापत्रक मागवून घ्या आणि शेवटची होम मॅच कधी आहे ते बघा. त्या दिवशी बहुतेक टीम्स सीनियर डे करतात. शेवटच्या वर्षाच्या मुली आईबाबांचा हात धरून मैदानात चालत जातात आणि पहिल्या वर्षाच्या मुली दोन्ही बाजूंना रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवतात. तुमची लेक त्या रांगेत असेल. यजमानांना घेऊन जा, आणि रात्री गारवा असतो, शाल बरोबर ठेवा.