शिकायला गेले, तर चूल कशी पेटणार?

‘मॅडम, शिकायचंय हो. पण तीन महिने कामं सोडली तर खायचं काय?’ एकटीने मुलं वाढवणाऱ्या बाईचा हा प्रश्न समुपदेशनात सतत येतो. आणि तो अगदी रास्त आहे. मोफत प्रशिक्षण म्हणजे फी नाही एवढंच. बुडालेली मजुरी, बसभाडं आणि मुलांकडे बघणारं माणूस यांचा खर्च उरतोच, आणि बहुतेक जणी तिथेच गळतात.

पुण्याच्या एका उपनगरातल्या ताईंचं उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय 31, शिक्षण दहावी. नवरा चार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. तीन घरी पोळ्या करून महिन्याला 9,000 रुपये मिळायचे आणि 20 तारखेनंतर किराणा उधारीवर यायचा.

माहेरच्यांनी शिलाई मशीन घ्यायला सुचवलं होतं. अडचणीतली बाई दिसली की आपल्याकडे तिला मशीनच का सुचतं, कोण जाणे! त्यांच्या गल्लीत आधीच चार मशीन होती आणि ब्लाउजच्या शिलाईवरून भांडणं होती. आवड काय, असं विचारून हाती काही लागेना. आजवर काय काय निभावलंत, असं विचारल्यावर मात्र कळलं की अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं त्यांनी दोन वर्षं सगळं केलं होतं, आणि पाठीला एकही जखम होऊ दिली नव्हती. तिथून जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे दवाखान्यात ज्याला ‘जीडीए’ म्हणतात त्या रुग्णसहायकाच्या कामाचा विचार सुरू झाला.

तेवढ्यात त्या एका क्लासमध्ये 35,000 रुपये भरायला निघाल्या होत्या. ‘सहा महिन्यांत नर्स, नोकरीची हमी.’ इथे थांबवावं लागलं. नर्सिंगचा एएनएम अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा. दोन्हींना बारावी लागते आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होते. सहा महिन्यांत नर्स होता येत नाही. जीडीए इंजेक्शन देत नाही. रुग्णाची स्वच्छता, हालचाल, खाणंपिणं आणि नोंदी ही तिची कामं. केंद्र निवडताना तीन गोष्टी विचारा: प्रत्यक्ष दवाखान्यात किती दिवस, कुठल्या दवाखान्यात, आणि मागच्या तुकडीतल्या दोघी-तिघींशी बोलता येईल का. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या ठिकाणी पाऊल ठेवू नका.

मग हिशेब कागदावर मांडला. पहिले दोन महिने वर्ग 11 ते 3, म्हणून सकाळचं एक आणि संध्याकाळचं एक अशी दोन घरं टिकली आणि एक सुटलं. तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात दिवसभर सराव, म्हणून संध्याकाळचं एकच घर. बुडीत मजुरी 12,000, बसभाडं 3,000, गणवेश आणि बूट 1,500, मुलीला सांभाळणाऱ्या शेजारच्या मावशींना 1,500. एकूण 18,000. बचत गटातली शिल्लक 4,000, गटाचंच कर्ज 10,000, आणि पोळ्यांच्या एका घरच्या आजींनी दिलेली 4,000 उचल. सरकारच्या बाल संगोपन योजनेत दर मुलामागे महिना 2,250 रुपये मिळू शकतात, तो अर्जही दिला. पण ते पैसे हिशेबात धरले नाहीत. गृहचौकशी आणि बालकल्याण समितीचा आदेश यांत महिने जातात. मंजूर होईल तेव्हा होईल.

खरी अडचण कागदपत्रांत निघाली. आधारला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा! ओटीपी त्याच्या फोनवर, आणि तो फोन उचलत नाही. शिवाय दहावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या. सरकारी रक्कम ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलेलं असतं तिथेच जाते, आणि ते खातंही नवऱ्यासोबतचं संयुक्त. आधार केंद्रात नंबर बदलणं, स्वतःच्या एकटीच्या नावाने खातं उघडून त्याला आधार जोडून घेणं आणि नावाच्या फरकासाठी विवाह नोंदणीचा दाखला, यात तीन आठवडे गेले. हे प्रवेशाच्या आधी उरकावं. नंतर हजेरी बुडवून करायला गेलं की प्रमाणपत्रावर परिणाम होतो.

वर्ग सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मुलीला ताप आला आणि ताईंनी चार दिवस दांडी मारली. पाचव्या दिवशी जायची लाज वाटली. बऱ्याच जणींचं शिक्षण इथेच संपतं, कारण ‘आता काय तोंड दाखवू?’ त्यांना फक्त प्रशिक्षिकेला एक फोन करायला लावला. बुडालेला सराव शनिवारी भरून निघाला.

वर्गात त्यांना सगळ्यात जड गेलं ते कचऱ्याचं वर्गीकरण. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चार रंगांचे तुकडे चिकटवले, मुलाने परीक्षा घेतली. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणं मात्र त्यांना शिकवावं लागलं नाही. प्रशिक्षिकेने उलट त्यांनाच इतरांना दाखवायला सांगितलं.

नोकरी मिळाली ती 50 खाटांच्या दवाखान्यात. पगार 12,000, पीएफचे 1,440 आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 90 कापून हातात 10,470. ताई त्या दिवशी रडल्या. ‘एवढं करून दीड हजारच जास्त?’ आकडा खरा होता, गोड बोलून तो बदलत नाही. पण पोळ्यांच्या कामात पीएफ नव्हता, पगारी रजा नव्हती. ईएसआयच्या कार्डावर आता दोन्ही मुलांचे उपचार होतात. पूर्वी एका तापात हजार रुपये जायचे. आणि गटाचं कर्ज फिटेपर्यंत संध्याकाळचं एक घर त्यांनी सोडलं नाही.

रात्रपाळीचं मुलाखतीतच विचारून घेतलं होतं: महिन्यातून एक आठवडा. त्या आठवड्यात मावशी घरी झोपायला येतात, त्याचे 700 रुपये. रुग्णांसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत त्यांच्या घरी जाऊन करायच्या 12 तासांच्या ड्युटीला पैसे जास्त दिसतात. पण लहान मुलं असताना तिकडे वळू नये, हे आमचं स्पष्ट मत. तिथे सुट्टी मिळत नाही आणि अडचणीत कुणी पाठीशी नसतं.

सध्या ताई बाहेरून बारावी करण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरताहेत. एएनएमच्या प्रवेशाला वयाची मर्यादा 35 आहे, म्हणून घाई. इंग्रजीचा पेपर अवघड जाईल असं त्यांना वाटतं. मुलगा म्हणतो, मी शिकवतो.