ना. वि. ज. म्हणजे कोण?

प्रश्न : मी अकरावीत आहे, सीबीएसई. इंग्रजीच्या पुस्तकात जयंत नारळीकरांचा ‘द अ‍ॅडव्हेंचर’ हा धडा आहे. आई म्हणते, ही कथा मुळात मराठी आहे आणि नारळीकरांनी त्यांची पहिली कथा खोट्या नावाने पाठवली होती. हे खरं का? एवढ्या मोठ्या माणसाने नाव का लपवावं? मला फिजिक्सही करायचंय आणि लिहायचंही आहे. बाबा म्हणतात, एक काहीतरी धर.
– एक वाचक, लातूर

उत्तर : आई दोन्ही बाबतींत बरोबर आहे. तुझ्या धड्याचं मराठी नाव ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी निसटती गेली असती तर पुढे काय झालं असतं, एवढ्या एका ‘तर’वर ती उभी आहे. इंग्रजीतून वाचलीस, आता मराठीतून वाच. गंगाधरपंत हे नाव मराठी कानाला जे सांगतं, ते ‘प्रोफेसर गायतोंडे’ सांगत नाही.

आता नावाची गोष्ट. १९७४ साल. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. अहमदाबादला एका परिसंवादात कंटाळवाणं व्याख्यान चालू होतं, तिथे बसल्या बसल्या त्यांनी ‘कृष्णविवर’ लिहायला घेतली. (कंटाळवाण्या व्याख्यानांचे मराठी साहित्यावर असे किती उपकार असतील कोण जाणे!) पाठवताना लेखक म्हणून नाव घातलं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं ना. वि. ज.; उलटी वाच, जयंत विष्णू नारळीकर. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून सगळी कथा मंगलाबाईंकडून, म्हणजे पत्नीकडून, उतरवून घेतली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

का लपवलं? नारळीकर २०२५ साली गेले; तू तेव्हाचे मृत्युलेख वाचून विचारते आहेस, म्हणून तुला ते विनोदी वाटत असेल. पण १९६५ सालीच, सत्ताविसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. केंब्रिजमध्ये त्यांचे गुरू फ्रेड हॉएल यांच्याबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताने ते नाव घरोघरी गेलेलं. अशा नावाची कथा समोर आल्यावर कोणता परीक्षक तिला नापास करणार? बक्षीस कथेला मिळालं की पद्मभूषणाला, हे त्यांना कधी कळलंच नसतं. प्रयोगात निरीक्षकाला नमुना कुणाचा ते सांगत नाहीत, तसंच हे. मला तरी यात विनयापेक्षा शास्त्रज्ञाची सवय जास्त दिसते.

बाबांचं म्हणणं. नारळीकरांनी कुठलंच सोडलं नाही आणि त्यांच्या गुरूंनीही नाही. हॉएल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ सालची, आणि ते तर खगोलशास्त्रातलं दांडगं नाव. शिष्याने ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ लिहिलं आणि १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्थाही उभी केली. एक गंमत बघ : अंतराळातून सूक्ष्मजीव पृथ्वीवर येत असतील का, ही कल्पना कथेत शोभण्यासारखी. ती त्यांनी खरीखुरी तपासायला घेतली. २००१ आणि २००५ साली हैदराबादहून इस्रोच्या मदतीने बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली. त्यात नवे जिवाणू सापडले, एकाला हॉएल यांचं नाव दिलं. ते वरून आले की खालून गेले, हा वाद मात्र मिटला नाही.

पण भाबडी होऊ नकोस. मी तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. ‘यक्षांची देणगी’ची आमची प्रत दोनदा बांधून घ्यावी लागली, इतकी मुलं ती न्यायची, तरी मला त्यातली माणसं पुठ्ठ्याचीच वाटतात. एकाचं नाव दुसऱ्याला दिलं तरी कथेचं काही अडत नाही. तर्क मात्र असा घट्ट विणलेला की एक धागा ओढता येत नाही. तू तर्क त्यांच्याकडून शीक, माणसं दुसरीकडून.

सही मागणाऱ्या मुलांना ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर देईन आणि त्याखाली सही करीन. मुलांची कार्डं येत आणि उत्तरं जात. तुझं पत्र वाचताना मला तेच आठवलं. माझी सही कुणी मागत नाही, हा भाग वेगळा.

आणि धडा पुन्हा वाचशील तेव्हा आझाद मैदानावरची सभा नीट बघ. अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे, गंगाधरपंत न राहवून तिच्यावर जाऊन बसतात आणि लोक खवळतात. नाशिकला २०२१ साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर होते. प्रकृतीमुळे त्यांना जाता आलं नाही.