गाठ काढली, मग केमो कशाला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही लालबागला राहतो. आईचं (वय 58) ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली, रिपोर्टमधे कडा क्लिअर आल्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नाही. तरी एसीच्या (दोन औषधांची जोडी) चार केमो लिहून दिल्यात, दर 21 दिवसांनी एक. दोन झाल्या, केस सगळे गेले, तोंड आलंय, जेवण जात नाही. चाळीतल्या काकू म्हणतात केमो म्हणजे नुसतं विष, त्यापेक्षा काढा द्या. आई म्हणते आता दोन महिने थांबूया. गाठच नाही तर औषध मारतं कुणाला?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेते. सर्जनला जे दिसतं, हाताला लागतं, तेवढंच काढता येतं. पण गाठ वाढत असतानाच तिच्यातल्या काही पेशी रक्तातून नाहीतर लिम्फमधून (शरीरात फिरणारा पाण्यासारखा द्रव) पुढे निघून गेलेल्या असू शकतात, हाडांत, लिव्हरमधे, फुप्फुसात, आणि त्या इतक्या थोड्या असतात की पेट स्कॅनमधेही दिसत नाहीत. कडा क्लिअर म्हणजे त्या जागेपुरतं क्लिअर. केमो शिरेतून देतात ती यासाठीच, रक्त जातं तिथे औषध जातं.

कॅन्सरची पेशी एकाची दोन, दोनाची चार होत राहते आणि दरवेळी तिला डीएनएची कॉपी काढावी लागते. एसीमधली दोन्ही औषधं, ते लाल डॉक्सोरुबिसिन (त्याने लघवी एक-दोन दिवस लालसर होते, ते रक्त नाही, घाबरू नका) आणि सायक्लोफॉस्फामाइड, त्या डीएनएचीच मोडतोड करतात, मग पेशी विभागायला जाते आणि मरते. अडचण ही की औषधाला आपली पेशी कुठली नि कॅन्सरची कुठली हे कळत नाही, भराभर विभागणारी जी सापडेल तिला ते धरतं. केसांची मुळं तशी, तोंडाचं नि आतड्याचं अस्तर तसं, हाडांच्या आत रक्त बनतं तो मगज पण तसाच. म्हणून केस गेले, म्हणून तोंड आलं. केस बहुतेकांचे परत येतात, आईंना हे नक्की सांगा.

काकू अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. सायक्लोफॉस्फामाइडचं घराणं युद्धातल्या मस्टर्ड गॅसपर्यंत जातं. त्याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड 1942 साली अमेरिकेत येल विद्यापीठात लिम्फोमाच्या (लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर) पेशंटला दिलं आणि गाठी आकसल्या, तिथून ही औषधं सुरू झाली. पण म्हणूनच तर डोस उंची-वजनावरून काढतात, आणि प्रत्येक केमोआधी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) करतात. काढ्यात काय नि किती आहे ते कुणालाच माहीत नसतं, आणि काही झाडपाल्यांनी लिव्हर बिघडते, तर केमोची औषधं बऱ्याच प्रमाणात लिव्हरच हाताळते. काढा नको.

आता 21 दिवसांचं. एका डोसमधे सगळ्या पेशी मरत नाहीत, काही हिस्सा मरतो, त्यावेळी ज्या विभागत नव्हत्या त्या वाचतात. पुढच्या डोसला त्यातल्या आणखी काही, असं करत संख्या खाली आणायची असते. मधे गॅप लागतो कारण रक्तातल्या, इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण 7 ते 14 दिवसांत तळाला जातात आणि तिसऱ्या आठवड्यात सावरतात. मनानेच दोन महिने थांबलात तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशींनाही वाढायला तेवढाच वेळ मिळतो. म्हणून प्लीज, थांबवू नका, त्रास होतोय तो ऑन्कॉलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) जाऊन सांगा, उलटीचं औषध बदलता येतं, तोंडासाठी औषध देता येतं, गरज पडली तर डोस कमी करायचं किंवा आठवडाभर पुढे ढकलायचं ते ठरवतील. तोवर गुरगुट्या भात, मऊ खिचडी, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा, तिखट बंद.

आणि एक गोष्ट फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून लावा: ताप 100.4 फॅरनहाइट झाला की हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत बघूया हे केमोच्या पेशंटला चालत नाही, पांढऱ्या पेशी कमी असताना इन्फेक्शन काही तासांत हाताबाहेर जातं. घरात थर्मामीटर नसेल तर आजच आणा. पांढऱ्या पेशी कमी असतात त्या दिवसांत गर्दीची लोकल टाळा, जावंच लागलं तर मास्क लावून दिव्यांगांच्या डब्यातून जा, कॅन्सर पेशंटना तिथे चढायची परवानगी आहे.

प्रश्न: सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध बनतं असं वाचलं. आमच्या गॅलरीत दोन कुंड्या आहेत, रोज चार पानं चावून खाल्ली तर?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: बनतं हे खरं. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन दोन्ही सदाफुलीतूनच आली आणि मुलांच्या ब्लड कॅन्सरमधे व्हिन्क्रिस्टिन आजही रोज वापरतात. पण पानात ते नावापुरतं असतं, ढीगभर पानांतून वेगळं काढून, शुद्ध करून, शिरेतूनच देतात. पानं चावून कॅन्सरवर इलाज होत नाही आणि पानातल्या बाकीच्या अल्कलॉइड्सनी (झाडातली तीव्र रसायनं) अपाय मात्र होऊ शकतो. कुंड्या फुलांसाठी ठेवा, लहान मुलं पानं तोंडात घालणार नाहीत एवढं बघा.